वादळानंतरची वीज: पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड, उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. कोकणात घर असेल तर घर शाकारायच्या खर्चासोबत विजेचाही खर्च आधीच धरावा. पुढचे भाव अंदाजे आहेत. गाव आणि दुकान बदलले की बदलतील.

हिशेबाची रेघ मीटरपाशी आहे. खांब, तारा, डीपी महावितरणचे. मीटरनंतरचे सगळे आपले. वादळानंतर खांब उभा करायला वाडीत वर्गणी निघते. भर पावसात राबणाऱ्या वायरमनला जेवू जरूर घाला, पण खांबाचे, तारेचे पैसे आपण देणे लागत नाही. मागितलेच तर पावती मागा. तक्रार १९१२ वर बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगून नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. उशिराच्या भरपाईवर मात्र विसंबू नका. वीज नियामक आयोगाच्या भरपाईच्या नियमांतून चक्रीवादळ आणि पूर वगळलेले आहेत.

मीटरच्या आत कंजुषी नको. भिंती भिजल्या असतील, बोर्डात पाणी गेले असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. त्याचे तीनशे ते सातशे रुपये, सामान वेगळे. आरसीसीबी नसेल तर याच फेरीत बसवा. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची, दीड ते अडीच हजारांत मिळते. एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी. दुकानदार 'एमसीबी आहे ना, मग झालं' म्हणेल. ऐकू नका.

वीज येण्याआधी मेन स्विच बंद आणि फ्रिज, टीव्ही, पंपाच्या पिना काढलेल्या हव्यात. आली की आधी एकच बल्ब लावा. तो भगभगला किंवा कमी-जास्त होऊ लागला तर लगेच मेन बंद करा. न्यूट्रल तुटला असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. वादळात वाचलेले टीव्ही-फ्रिज बऱ्याचदा या घटकेला जळतात, आणि तो खर्च हजारांत जातो.

इन्व्हर्टरला बॅटरीसह वीस-पंचवीस हजार पडतात. १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची, हातात येतात तेराशे-चौदाशे. साधा पंखा आणि तीन एलईडी बल्ब म्हणजे शंभर वॅट, म्हणजे बारा-चौदा तास. बीएलडीसी पंखा असेल तर वीसच्या पुढे. मग बॅटरी रिकामी, आणि भरायला वीज नाही. आठवडाभराच्या अंधारात इन्व्हर्टर पुरत नाही.

मग जनरेटर. दोन केव्हीएचे पेट्रोलवरचे चाळीस ते साठ हजारांना, आणि भार असेल तर तासाला जवळपास लिटरभर पेट्रोल. दिवसाला पाच तास चालवले तरी पाचशे रुपये गेले. विहिरीवरचा एक एचपीचा पंप सुरू होताना कित्येक पट ओढतो, तिथे हे छोटे यंत्र दम टाकते. एकट्याने घेण्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून मोठे भाड्याने आणणे शहाणपणाचे. ते पडवीत किंवा बंद खोलीत कधीच चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून घराच्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज फिरवणारे महाभाग गावोगाव आहेत. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते, डीपीत तिचा दाब हजारो व्होल्टांवर चढतो आणि खांबावरचा वायरमन जातो. हजार-दीड हजारांचा चेंजओव्हर स्विच बसवला की हा प्रश्न मिटतो. पण अशी उलटी वीज कुणाच्याही घरातून येऊ शकते, म्हणूनच सगळा गाव अंधारात असला तरी बागेत पडलेली तार जिवंतच समजा: निदान दहा मीटर दूर राहा, गुरे आवरा, काठीनेही हलवू नका. खांबाच्या ताणाची तार आणि तिला बांधलेली कपड्यांची तारही त्यातच आली.

राहिले बिल. रीडिंग घेता आले नाही तर सरासरीने येते आणि पुढच्या रीडिंगला वळते होते. मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा. स्थिर आकार मात्र अंधारातल्या दिवसांचाही लागतो.