६१७४ : एका शाळामास्तरांचे कोडे

एखादे समीकरण प्रथमच पाहिले असता सामान्य मनुष्य गांगरून जातो. ही अक्षरे कशाची, हे अंक कोठून आले, यांपैकी कशाचाच उलगडा त्याला होत नाही. आणि गणित हे विद्वानांचे काम, असे म्हणून तो कागद बाजूस सारतो. हा समज कितपत योग्य आहे, हे श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्येवरून चांगले समजून येते.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढील उच्च शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. नाशिकजवळील देवळाली येथे ते शिक्षक झाले व १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तोच पेशा केला. संख्यांशी खेळणे हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. या छंदातूनच १९४९ मध्ये त्यांनी पुढील चमत्कार प्रकाशात आणला.

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी व चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी. मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या बाकीवर तीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे. बाकी तीन अंकी आली, तर तिच्या डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊन पाहू :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच क्रिया केली, तर ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ हीच संख्या येते. वाचकांनी दुसरी कोणतीही संख्या घेऊन पाहावी; मुक्काम हाच ठरलेला.

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. शंभर संख्या तपासल्या आणि शंभरही ६१७४ ला पोहोचल्या, तरी एकशे एकावी पोहोचेलच याची ग्वाही कोण देणार? ०००० पासून ९९९९ पर्यंत संख्या दहा हजार आहेत. सारख्या अंकांच्या दहा सोडल्या, तरी ९९९० उरतात. एवढ्या संख्या हाताने तपासण्यात आयुष्याचा मोठा काळ जाईल. ज्या समीकरणाची आपल्याला भीती वाटते, ते येथेच साहाय्यास येते.

उतरत्या क्रमाने मांडलेले अंक अ, ब, क, ड असे मानू. मग मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ अशी होईल. वजाबाकी करून सारखी पदे एकत्र केली असता,

बाकी = ९९९(अ − ड) + ९०(ब − क)

असे समीकरण मिळते. म्हणजे बाकी ठरविण्यास चार अंक ठाऊक असण्याची आवश्यकताच नाही. बाहेरच्या दोन अंकांतील फरक आणि आतल्या दोन अंकांतील फरक एवढे दोनच आकडे पुरतात. पहिल्यास म व दुसऱ्यास न म्हणू. म ची किंमत १ ते ९ यांपैकी एक असते, आणि आतला फरक बाहेरच्याहून मोठा असू शकत नाही, म्हणून न ची किंमत ० ते म यांपैकी एक असते. म = १ असता न च्या किंमती दोन, म = २ असता तीन, याप्रमाणे म = ९ असता दहा. त्यांची बेरीज २ + ३ + ४ + … + १० = ५४.

९९९० संख्यांचा डोंगर असा ५४ बाक्यांवर येऊन ठेपतो! पहिल्याच वजाबाकीनंतर प्रत्येक संख्या या ५४ पैकी एका बाकीत जाऊन बसते. त्या सर्व तपासणे हे चिकाटीच्या विद्यार्थ्याचे एका सुटीचे काम आहे. तपासणीअंती आढळते की, कोणत्याही संख्येस ६१७४ गाठण्यास सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत. आपल्या १९०५ ला बरोबर सातच लागल्या होत्या.

६१७४ स्थिर का राहते, हेही याच समीकरणावरून दिसते. तिच्यात म = ७ − १ = ६ व न = ६ − ४ = २. म्हणून ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४.

केवळ अनुभवावर विसंबणे किती धोक्याचे आहे, याची साक्ष इतर संख्या देतात. तीन अंकी संख्या ४९५ वर येऊन थांबतात. पण दोन अंकी संख्या ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ अशा चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांपैकी ५३९५५ घेतल्यास ५९९९४ येते व तिच्यापासून पुन्हा ५३९५५. चार अंकांचा नियम पाचांस लागू पडेल, असे गृहीत धरणारा येथे फसतो.

कापरेकरांचे हे कार्य पुष्कळांना क्षुल्लक करमणूक वाटले. १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरात त्यांच्या संख्यांचा परिचय करून दिला, तेव्हा त्यांचे नाव जगभर पसरले. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. एखाद्या गोष्टीचे नवल वाटले असता ते नवल वहीत उतरवून तिचा पिच्छा पुरविण्याची सवय मात्र होती. गोंधळात टाकणारे समीकरण पुढे आले, तर वाचकांनीही प्रथम एक साधे उदाहरण सोडवावे, मग अक्षरे योजावीत, आणि समीकरणाची प्रत्येक बाजू काय सांगते ते शब्दांत लिहून पाहावे.

स्वाध्याय : तीन अंकी संख्येची बाकी ९९(अ − क) असते, हे सिद्ध करा. अशा बाक्या किती संभवतात? त्या सर्व ४९५ ला पोहोचतात काय, ते तपासा.