थाप आणि तीन मिलिमीटर

भिवंडीजवळचे दापोडे हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. तेथील एका मुलीची अडचण मध्यंतरी माझ्यापुढे आली. ती घरी रोज तासभर लावणीचा सराव करते. खाली काँक्रीट, वर गुळगुळीत लादी. काही आठवड्यांत नडग्या दुखू लागल्या. घरच्यांनी जाड स्पंजची गादी अंथरली, तर गिरकी घेताना घोटाच मुरगळला! असे का व्हावे?

थोडा हिशेब करू. थाप मारताना पाऊल व पोटरी मिळून समजा ३ किलोग्रॅम वस्तुमान सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येते. त्याची गतिज ऊर्जा ½ × ३ × २² म्हणजे ६ ज्यूल. पाय थांबेपर्यंतच्या अंतरात ही ऊर्जा खर्च झाली पाहिजे. काँक्रीट जवळजवळ दबतच नाही. दबते ते टाचेखालचे मांस, समजा ५ मिलिमीटर. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून सरासरी बल ६ ÷ ०.००५, म्हणजे १२०० न्यूटन. आता जमीनही ३ मिलिमीटर दबली असे माना. अंतर ८ मिलिमीटर झाले आणि बल उतरले ७५० न्यूटनवर! हिशेब ढोबळ आहे. स्नायूंचा जोर त्यात धरलेला नाही. पण केवळ तीन मिलिमीटरांची करामत ध्यानात येते.

वर्गात एक खडू छातीच्या उंचीवरून फरशीवर टाका, दुसरा तेवढ्याच उंचीवरून घडी केलेल्या पोत्यावर. उंची तीच, ऊर्जा तीच. तुकडे कोणाचे होतात ते पाहा.

मग स्पंजने काय बिघडवले? तो फार दबतो, आणि पाय पडेल तेथेच दबतो. पाऊल खळग्यात रुतते, शरीर मात्र फिरत राहते. सारा पीळ घोट्यावर येतो. म्हणून वरचा थर ताठ हवा आणि लवचिकपणा त्याच्या खाली.

सुताराकडून अशी तक्तपोशी घरीही करता येते. प्रथम ओल अडवण्यासाठी प्लास्टिकचा कागद. त्यावर रबराचे तुकडे ठेवून लाकडी रीपा टेकवायच्या. खालच्या रीपेला जेथे रबराचा आधार नाही, नेमकी तेथे वरची आडवी रीप येऊ द्यावी, म्हणजे लाकूड किंचित वाकते. वर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक न आणता. भिंतीपाशी सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर फट ठेवावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि जागा नसली तर मधोमध उचलले जाते.

मुलीच्या वडिलांनी रीपांसाठी गोदामातली जुनी पॅलेट आणली होती. अशा लाकडावरचा शिक्का जरूर वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने कीड मारलेले लाकूड. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले; ते घरात नकोच.

नडगीचे दुखणे मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. दुखऱ्या हाडाला जमीन बदलण्याआधी विश्रांती लागते.

तक्तपोशीखालच्या पोकळीमुळे थापेचा आवाज ढोलकीसारखा घुमतो. नाचणाऱ्याला तो हवाच असतो. शेजाऱ्यांना नको असेल, तर रीपांमध्ये काथ्याची चटई सैलसर भरावी.