क्लाऊड, पालखी आणि आपली नगरपरिषद

स्मार्ट सिटी म्हटलं की आपल्याला कॅमेरे आणि चकाचक रस्ते आठवतात. केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन २०१५ ला सुरू झालं, मार्च २०२५ ला संपलं. त्यातल्या १०० शहरांत पुणे होतं. बारामती, इंदापूर नव्हते. मग हा विषय आपल्या कामाचा नाही का? माझ्या मते आपल्यालाच त्याची जास्त गरज आहे.

क्लाऊड म्हणजे काय?

घरात लाईट हवी म्हणून आपण जनरेटर बसवत नाही. मीटर घेतो आणि वापराचे बिल भरतो. तसंच दूरच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर इंटरनेटवरून लागतील तेवढे वापरायचे, हाच क्लाऊड. आपल्या सरकारी खात्यांसाठी केंद्राचा ‘मेघराज’ २०१४ पासून आहे.

क्लाऊडचा मोठा गुण म्हणजे लवचिकता. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम बारामतीत होतो, इंदापुरातही होतो. त्या दिवशी मंडप, टँकर वाढतात. पालखी पुढे गेली की निघतात. सर्व्हरचंही तसंच! समजा, नगरपरिषदेने पाणी-कचऱ्याच्या तक्रारींसाठी अ‍ॅप काढलं. स्वतःचा छोटा सर्व्हर घेतला तर मुक्कामाच्या दिवशीच तो बसेल. मोठा घेतला तर वर्षभर रिकामा राहील. क्लाऊडवर त्या दिवसापुरती ताकद वाढवता येते.

तक्रार म्हणजेच सहभाग?

नाही. खड्डा दाखवणं ही पहिली पायरी. पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवण्यात वाटा मिळणं हा खरा सहभाग. पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली, तीही कागदी फॉर्मवर. म्हणजे क्लाऊड नसतानाही इच्छा असली की जमतं.

आपली अडचण वेगळी आहे. खेड्यात ग्रामसभा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख व त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. मधल्या आकाराच्या आपल्या गावांना दोन्ही नाही. इथल्या माणसाने बोलायचं कुठे? ही जागा स्वस्तात भरून काढायला क्लाऊड उपयोगी पडेल.

पण तीन गोष्टी पाळाव्या लागतील :

१) प्रत्येक सूचनेला नंबर द्यावा. ती मंजूर झाली की नाही, आणि नसेल तर का, हे सगळ्यांना दिसावं.

२) स्मार्टफोन नसलेल्या आजीसाठी काउंटरवर कागदी अर्ज हवा आणि तोही त्याच यादीत चढावा. सगळं मराठीत असावं.

३) सूचना सर्वांना दिसावी, पण देणाऱ्याचा मोबाईल नंबर नाही. त्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे.

यातली पहिली गोष्ट सर्वात अवघड, कारण सर्व्हर भाड्याने मिळतो, उत्तर देणारा माणूस मिळत नाही! तेव्हा मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताना नेटवरून तयार कोड उचलण्याआधी एकदा नगरपरिषदेच्या तक्रार खिडकीपाशी तासभर उभे राहा. खरा प्रॉब्लेम स्टेटमेंट तिथेच मिळेल.