पैसे सांध्याचे मोजा

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या रोपवाटिकेत कलमं न्यायला येणारी तरुण मुलं हल्ली माझ्या खिशातल्या चाकूबद्दल हमखास विचारतात. "काका, चाकू कुठला वापरता? महागातला घेऊ की साधा चालेल?" मोबाइलवर त्यांनी बरंच काही पाहिलेलं असतं. एकीकडे ३०० रुपयांत घरपोच मिळणारा, काळ्या पात्याचा, दिसायला झकास चाकू आणि दुसरीकडे ३०-४० हजारांचा अमेरिकन. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे आणि आपल्या कामाला त्यातलं काय लागतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी दोन्ही टोकांचे चाकू वापरले आहेत. त्यातल्या एकापायी बोट कामातून गेलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

तो स्वस्तातला चाकू भाच्याने हौसेने मागवून भेट दिला होता. मिटला की मुठीत मावायचा, अंगठ्याच्या एका झटक्यात उघडायचा. धारही बरी होती. पावसाच्या तोंडावर शेडनेट ताणण्याचं काम चाललं होतं आणि मी नायलॉनचा भिजलेला, पिळाचा दोर कापत होतो. पातं अर्ध्यावर अडकलं. ते सोडवायला मनगट किंचित वर उचललं, तेवढ्याने पात्याच्या पाठीवर दाब आला, आतला खटका सटकला आणि पातं तर्जनीवर मिटलं. जखम दिसायला लहान होती, पण आतला टेंडन कापला गेला होता. टाके पडले, पट्टी लागली आणि त्या वर्षीचा कोय कलमांचा हंगाम मी खुर्चीत बसून काढला. आजही ते बोट पुरतं मिटत नाही. चिमटीत काडी धरताना मधलं बोट वापरावं लागतं.

आमच्याकडे पूर्वीपासून कलमं बांधणारे तात्या आहेत. त्यांनी तो चाकू हातात घेऊन उघडला, मिटला, पातं डाव्या-उजव्या बाजूला हलवून पाहिलं आणि म्हणाले, "धार चांगली आसा, पण सांधो खिळखिळो. ह्याचो काय भरवसो नाय." घडीच्या चाकूबद्दल याहून नेमकं मी कुठेही वाचलेलं नाही.

बोट बरं झाल्यावर मी तो चाकू खोलून पाहिला. अशा बहुतेक चाकूंत मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी आडवी सरकते आणि पात्याच्या टाचेमागे जाऊन उभी राहते, त्यामुळे पातं मागे मिटत नाही. याला लायनर लॉक म्हणतात. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला आजचं रूप दिलं. रचना साधी आणि उत्तम आहे, पण सारा खेळ दोन लहान पृष्ठभाग एकमेकांवर कसे टेकतात यावर असतो. पट्टीचं टोक आणि पात्याची टाच दोन्ही ठरावीक कोनात घासलेली हवीत आणि पट्टीचं पोलादही पुरेसं कडक हवं. माझ्या चाकूची पट्टी टाचेच्या अगदी कडेला, केसाएवढी टेकत होती. तिचं टोक मऊ पत्र्यासारखं गोल झालं होतं, त्यावर घसरल्याचा चकचकीत ओरखडा होता. त्या चाकूत जी काटकसर झाली होती ती सगळी इथे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी झाली होती. पात्यावरचा काळा रंग मात्र शाबूत होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की घडीच्या चाकूत पैसे आधी सांध्याचे मोजावेत. मग पोलादाला पाणी कसं दिलंय ते बघावं. पोलादाचं नाव काय, हा प्रश्न शेवटचा. दुकानदार आणि जाहिराती नेमक्या उलट क्रमाने बोलतात.

नावाचंच बघा. स्वस्त पात्यांवर '४४०' किंवा 'सर्जिकल स्टील' असं कोरलेलं असतं. सर्जिकल स्टील म्हटल्याने काहीच कळत नाही. ४४० या नावाखाली ए, बी आणि सी असे तीन प्रकार येतात. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के असतो, सी मध्ये ०.९५ ते १.२०. नुसता आकडा छापला की त्यातला कुठला ते समजत नाही, आणि समजलं तरी पाणी नीट दिलेलं नसेल तर उपयोग नाही. तेच पोलाद योग्य तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा हलकं तापवून घेतलं तर दिवसभर धार टिकते. त्यात कुचराई झाली तर दोन गोणींच्या शिवणी कापल्यावर पातं बोथट होतं, नाहीतर कडेचे कपचे उडतात. कोणत्याही लोहाराला विचारा, पाणी देणं हेच खरं काम आहे असं तो सांगेल.

लोहारावरून आठवलं. स्वस्त म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं मुळीच नाही. गाडीच्या कमानीच्या जुन्या पट्टीतून आमचा लोहार जो सरळ, न मिटणारा चाकू घडवून देतो, तो या ऑनलाइन चाकूच्याच किमतीत पडतो आणि कितीतरी चांगलं काम करतो. कमानीचं पोलाद मुळातच कसदार, पाणी देणारा हात अनुभवी, आणि सांधाच नसल्याने मिटायची भानगड नाही. चामड्याच्या म्यानात कमरेला लावला की झालं. शेतात, बागेत काम करणाऱ्याचं बजेट खरोखर ५०० रुपयांचं असेल तर त्याने घडीचा चाकू घेऊच नये, लोहाराकडे जावं. ४०० रुपयांत चांगलं पातं मिळतं, चांगला सांधा मिळत नाही.

आता दुसरं टोक. अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने तिकडचा नामांकित चाकू आणून दिला. पोलाद एस३०व्ही, मूठ काचतंतूंची, सांधा असा की पातं रेसभरही हलत नाही. हे पोलाद अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने २००१च्या सुमारास चाकू कारागीर क्रिस रीव्ह यांच्याशी सल्लामसलत करून खास चाकूंसाठी काढलं. त्यात सुमारे १.४५ टक्के कार्बन आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. मी तो खूप वापरला. सुतळी, ठिबकच्या नळ्या, गोणी, पॉलिथिन, काहीही कापा, धार हलायची नाही. हा चाकू चांगला नाही असं म्हणण्याची माझी हिंमत नाही.

पण धार कधीतरी जातेच. गेली, तेव्हा घरातल्या सहाणेवर ती येईना. तासभर घासलं तरी पातं नुसतं दगडावरून सरकत राही. व्हॅनेडियम कार्बाइडचे सूक्ष्म कण आपल्या नेहमीच्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कडक असतात. दगड आजूबाजूचं पोलाद खातो, ते कण तसेच राहतात. अशा पोलादाला हिऱ्याच्या भुकटीची पट्टीच लागते. ती तेव्हा आमच्याकडे नव्हती. गड्याने चांगल्या मनाने चाकू बाजारात फिरत्या चाकावर धार लावणाऱ्याकडे नेला. परत आला तेव्हा धार लखलखत होती आणि कडेला निळसर झाक होती. ती झाक पाहिली की समजावं, पोलाद फाजील तापलं. साधं पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास निळं पडतं. कारखान्यात मोजून मापून दिलेलं पाणी त्या कडेवरून उतरलं होतं, आणि तेवढा भाग हिऱ्याच्या पट्टीवर घासून काढेपर्यंत तो चाकू साध्या चाकूपेक्षाही लवकर बोथट व्हायचा.

म्हणून महागड्या चाकूबद्दल माझा सल्ला एवढाच, की स्वतः धार लावता येत नसेल तर घेऊ नका. आधी साध्या पोलादावर हात बसवा. मग हिऱ्याची पट्टी घ्या. मग चाकू. आणखी एक गोष्ट, महाग वस्तू माणूस जपायला लागतो. ओढ्यात पडेल, गड्याच्या हाती राहील, या धास्तीने तो चाकू बरेचदा घरी कपाटात राहायचा आणि काम अडायचं. रोज बरोबर बाळगायचा चाकू गड्याच्या हाती निर्धास्त देता आला पाहिजे.

मग मधलं काय? माझ्या खिशात आळीपाळीने दोन चाकू असतात आणि दोन्ही साध्या मापाने महाग नाहीत, २ हजारांच्या आगेमागे मिळतात.

एक स्विस, व्हिक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेलं हे घराणं. माझ्या नगाला लॉक नाही, पाठीमागची दणकट स्प्रिंगच पातं धरून ठेवते. हे माहीत असलं की हात आपोआप जपून चालतो. टोचायला, तरफ द्यायला तो वापरायचा नाही, फक्त कापायला. त्याचं पोलाद मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं असतं, रॉकवेल मापाने ५६च्या आसपास. धार लवकर जाते हे खरं, पण चिनी मातीचा कप उपडा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर दहा-बारा हात मारले की परत येते. चहा पिऊन झाल्यावरचं काम! लॉकच हवं असेल तर याच कंपनीचे थोडे मोठे, लॉकवाले नग मिळतात. घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, नकली माल फार आहे.

दुसरा फ्रेंच, ओपिनेलचा ८ नंबर. ओपिनेलचे चाकू साव्वा प्रांतात १८९० पासून बनतात. बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं आणि सांध्यावर फिरणारी पोलादी कडी. कडी फिरवली की पातं पक्कं. ही कडी १९५५ मध्ये आली. इथे पट्टी घसरण्याचा प्रश्न नाही, कडी पुढे आडवी उभीच असते. मात्र कोकणात घेणाऱ्याने दोन गोष्टी आधीच ऐकून ठेवाव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. नखाने ओढत बसू नका, मुठीचं बूड टेबलावर आपटा, पातं डोकं वर काढतं. सांध्यात जवसाचं तेल मुरवलं की त्रास बराच कमी होतो. आणि कार्बन स्टीलऐवजी स्टेनलेसचं पातं घ्या. कार्बन स्टीलला धार सुंदर येते, पण आंब्याच्या रसाने ते तासाभरात काळं पडतं आणि आपल्या दमट हवेत रात्रीत गंजतं. घाटावर, कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी खुशाल कार्बन घ्यावं.

कलमाचा चाकू मात्र यात मिसळू नका. त्याला एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून काडीला पाचरीचा काप अगदी सपाट बसतो आणि खुंटाशी सालीला साल जुळते. त्याने एकदा जरी दोर कापला तरी धारेवर दाते पडतात आणि कलमं मरतात. खिशातला चाकू कामाचा, कलमाचा चाकू फक्त कलमाचा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत असतो. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात तेव्हा चाकू बाळगण्यालाही बंदी असते. सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत शहरात जाताना तो घरी ठेवा. विमानात हातातल्या सामानात तो चालतच नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका. बटण दाबताच उघडणारे चाकू घेऊच नयेत, पोलिसांना त्याचं कारण सांगत बसावं लागेल आणि कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या खिशात, गाडीच्या कप्प्यात, ट्रेकच्या सॅकमध्ये तसाच एखादा काळ्या पात्याचा चाकू असेल. आज तो बाहेर काढा. पातं उघडा आणि आत बघा. लॉकची पट्टी पात्याच्या टाचेवर निदान पाव भाग टेकलेली दिसली पाहिजे. नुसती कडेला टेकत असेल किंवा पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडत असेल, तर तो चाकू बाद. पातं चिमटीत धरून आडवं हलवा. हललं तर स्क्रू आवळून पुन्हा बघा. मग मूठ अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही, आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर दोन-तीनदा हलकेच आपटा. मिटलं तर त्याच्याकडून पुन्हा काम घेऊ नका, गड्याला किंवा पोरांनाही देऊ नका. स्क्रू काढून पातं मुठीपासून वेगळं करा, जाड कागदात गुंडाळा आणि मगच भंगारात द्या.