पन्नास किलोची गोणी

दिंडोरी, नोव्हेंबर अखेर

चि. सुमेध यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

नाशकात पाथर्डी फाट्याला फ्लॅट लागला, गॅसही मिळाला, हे तुझ्या आईकडून कळलं. 'आता सगळं ऑरगॅनिकच खाणार' असा तुझा निश्चय आहे, तेही कळलं. निश्चय चांगला आहे. पण पाकिटावरचा हिरवा शिक्का वाचून तू निवांत झोपणार असशील, तर द्राक्षवाल्याच्या घरातली म्हणून दोन शब्द बोलते.

2010 साल तुला आठवणार नाही, तू लहान होतास. युरोपात गेलेल्या आपल्याकडच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला आणि माल अडला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला मारतात ते सीसीसी, तेच हे. आमचाही माल त्यात अडकला. कर्ज फेडायला किती वर्षं गेली ते तुझ्या काकांना विचार. मला मात्र वेगळीच गोष्ट लागून राहिली आहे. बागेत उरलेला माल इथल्याच बाजारात गेला आणि घेणाऱ्या एकानेही विचारलं नाही, की शेवटची फवारणी कधी केली? तिकडचं गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा कागद मागत होतं. आपला माणूस फक्त 'गोड आहेत ना?' एवढंच विचारत होता.

तेव्हा विचारायला शीक. पण एकट्याने विचारून काही होत नाही, हेही ऐकून ठेव. दोन किलो घेणाऱ्यासाठी कोणी शेतकरी वेगळी ओळ राखत नाही, त्याला ते परवडत नाही. दहा घरं मिळून 'आम्ही हंगामभर घेऊ, पण फवारणीची वही दाखव' म्हणाली, तर तो वही काढतो. त्या फटक्यानंतर आमच्या भागातले शेतकरी विकण्यासाठी एकत्र आले, मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली. खाणाऱ्यांनी विकत घेण्यासाठी एकत्र यायला कोणी अडवलंय? तुझ्या इमारतीत जिन्यात भेटणारी, ऑफिसात डबा उघडून बसणारी अशी चार-पाच घरं निघतील. सगळ्यांची मतं जुळायला हवीत असं नाही. कोणी मधुमेहामुळे येईल, कोणी लेकरासाठी, कोणी नुसतं स्वस्त पडतं म्हणून. येऊ दे.

सुरुवात नागलीने, म्हणजे नाचणीने कर. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारावर ती पावसाच्या पाण्यावर होते, द्राक्षासारखी औषधं तिला लागत नाहीत. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि शहरात तिची बिस्किटं आली. त्या बिस्किटांतली साखर आणि मैदाही वाच हो. दोन किलो नागली दळायला नेलीस तर गिरणीवाला कुरकुर करेल. पाच घरांची एकदम नेलीस तर तोच वेळ ठरवून देईल. भाकरी पहिल्यांदा फाटेल. पीठ गरम पाण्यात मळ.

आणि गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जात जा. पावसाळ्यात कर्टुली, कुरडू, शेवळी घेऊन आदिवासी बाया बसतात. शेवळी खाजरी असते, आंबट घातल्याशिवाय घसा धरते. कशी करायची ते विकणारीलाच विचार, ती सांगते. आणि तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. मॉलमध्ये करतोस का?

बाहेर मिसळ खाल्लीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. नाशकात राहून मिसळ सोडणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

पेठच्या ओळखीच्या घरी नागलीची एक गोणी सांगून ठेवली आहे. पैसे त्यांच्या हातात रोख द्यायचे. पन्नास किलोची आहे, एकट्याला उचलायची नाही. कोणाकोणाला घेऊन येतोस ते रविवारच्या आत कळव.

तुझी,
आत्या