चिखलदऱ्याचे पठार : वने आणि तलाव

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याची गाविलगड नावाची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, चिखलदऱ्याचे पठार आहे. परतवाड्याकडून घाट चढू लागले की पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे मागे पडते आणि साग, ऐन, धावडा, मोह व बांबू यांचे वन सुरू होते. या वनप्रदेशात कोरकू लोकांची गावे आहेत.

पठाराचा दक्षिणेकडील कडा उभा तुटलेला आहे. उत्तरेस मात्र डोंगरांमागून डोंगर उतरत जातात. त्यामुळे रांगेवर पडणारे पावसाचे पाणी दुभागते. उत्तरेकडील पाणी सिपना नदीतून तापीस मिळते. दक्षिणेकडील पाणी चंद्रभागेतून पूर्णेस जाते. आणि पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीसच मिळते. माथ्यावर दुरावलेले पाणी असे पुन्हा एकत्र येते.

मैदानापेक्षा येथे पाऊस पुष्कळ अधिक पडतो. तरीही उन्हाळ्यात या डोंगराळ भागातील अनेक गावांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. असे का व्हावे? पठार बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचे आहे. त्याच्या अखंड थरातून पाणी मुरत नाही. भेगांत व झिजलेल्या मुरमातच काय ते साठते. बाकीचे पाणी तीव्र उतारावरून दरीत धावते.

या धावत्या पाण्यास वन व तलाव अडवितात. पालापाचोळा व मुळे पाण्याचा वेग कमी करून माती धरून ठेवतात. सखल जागी तलाव ते साठवितो. गाविलगडच्या किल्ल्यातही तलाव आहेत. उंच माथ्यावरील शिबंदीस त्यांच्याच पाण्याचा आधार होता. वन तुटले तर माती वाहून तलावात गाळ भरतो, आणि पाऊस तेवढाच पडूनही साठा घटतो.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी दोन तिरप्या पाट्यांवर माती पसरावी. एकीवरील माती पाचोळ्याने झाकावी व दोहोंवर सारखेच पाणी झारीने शिंपावे. खाली जमा झालेल्या पाण्याचा गढूळपणा मुलांनी स्वतः पाहावा. नंतर आपल्या गावच्या तलावात पाणी कोठून येते व कोठे जाते, याचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा. पाण्याची वाट ज्याने एकदा पायाने शोधली, तो ती सहसा बुजू देत नाही.