अंगणातली मॅटाडोर

[जुनी वस्तू टाकून देणे सोपे असते, ती नीट दुरुस्त करणे अवघड असते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या गावी, घरामागच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक जुनी मालवाहू गाडी पुन्हा कशी उभी राहिली, याची हकिकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.]

दारव्ह्याला आमच्या घरामागे मोठे अंगण आहे. अंगणात एक कडुनिंब आहे आणि त्याच्या सावलीत पत्र्याची एक शेड आहे. हेच माझ्या अब्बांचे वर्कशॉप. अब्बा मोटार मिस्त्री. त्या शेडमध्ये कितीतरी वर्षे एक मॅटाडोर उभी होती. तिचे टायर बसले होते. काचांवर धुळीचा थर साचला होता. आमच्या कोंबड्या तिच्या सीटखाली अंडी घालीत.

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पायाने टायर दाबून पाहिला आणि किंमत सांगितली. रक्कम वाईट नव्हती. अम्मी म्हणाली, "देऊन टाका. अंगण तरी मोकळे होईल." मला शाळेची उन्हाळी सुट्टी लागली होती. मीही अम्मीच्याच बाजूचा होतो. अब्बा मात्र काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "बेटा, विकायचीच असेल तर विकू; पण चालू करून विकू. बंद गाडी वजनावर जाते. चालती गाडी नावावर जाते. माझे हात अजून चालतात. आणखी दोन-चार वर्षांनी चालतील की नाही, कोण जाणे!"

यावर मला काही बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोंबड्यांना बाहेर काढले आणि कामाला लागलो.

मॅटाडोर हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र आता शोधला. हा शब्द स्पॅनिश भाषेतला आहे. बैलाशी झुंज घेणारा तो मॅटाडोर. आमच्या जिल्ह्यात पोळ्याच्या दिवशी बैलांना सजवतात, त्यांना पुरणपोळी खाऊ घालतात. अशा जिल्ह्यात हे नाव घरोघरी रुळावे, ही मोठी गंमतच!

'टेम्पो' या शब्दाची गोष्टही अशीच आहे. टेम्पो हे जर्मनीतील एका मोटार कारखान्याचे नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली. सुरुवातीची गाडी तीन चाकांची होती. पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला आणि तेथून मॅटाडोर गाड्या गावोगावी जाऊ लागल्या. 2005 मध्ये कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोर तयार होणेही थांबले. पण आजही आपण कोणत्याही लहान मालवाहू गाडीला टेम्पोच म्हणतो. कारखान्याचे नाव गेले आणि भाषेतला शब्द राहिला.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. पूर्वी शेतातला कापूस बैलगाडीने जिनिंगमध्ये जाई. यवतमाळ ते मूर्तिजापूर या मार्गावर 'शकुंतला' नावाची अरुंद रुळांची रेल्वे धावत असे. ती दारव्ह्यावरून जाई आणि कापसाच्या गाठी नेई. पण रेल्वे रुळ सोडून जाऊ शकत नाही. टेम्पो आणि मॅटाडोर शेताच्या बांधापर्यंत जात. आमच्या मॅटाडोरने कापूस वाहिला, शाळेचे बाक वाहिले, लग्नाच्या मांडवाचे सामान वाहिले. एका पावसाळी रात्री शेजारच्या काकूंना याच गाडीतून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेले होते. सुमारे 40 किलोमीटरचा तो रस्ता अब्बांना अजून आठवतो.

पहिले आठ दिवस आम्ही काहीच जोडले नाही. फक्त खोलत गेलो. अब्बांनी मला एक वही दिली. "खोललेला प्रत्येक नटबोल्ट लिहून ठेव," ते म्हणाले. मी लिहू लागलो : 'डावा दरवाजा, वरची बिजागरी, बोल्ट तीन.' प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी लावली. मोबाइलवर फोटोही काढले. अब्बांचा एक नियम फार कडक होता. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. आधी लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून पाहायची, मगच खाली शिरायचे. ते म्हणत, "जॅक उचलण्यासाठी असतो, घोडी धरण्यासाठी असते."

गाडी खोलल्यावर खरा शत्रू दिसला. तो म्हणजे गंज. लोखंडाला पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. जेथे माती आणि पाणी साचते तेथे तो लपून बसतो. आमच्या गाडीत तो दरवाज्यांच्या तळाशी, चाकांवरच्या कमानीत आणि बॅटरीच्या खाली होता.

येथेच माझ्या हातून एक चूक झाली. अब्बा दोन दिवस बाहेरगावी गेले होते. ते येण्यापूर्वी काम पुढे दिसावे, असे मला वाटले. ड्रायव्हरच्या दरवाज्याखाली पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता. मी वरवर घासले, भोके पुट्टीने भरली, पॉलिश पेपर मारला आणि रेड ऑक्साइडचा हात दिला. पत्रा नव्यासारखा दिसू लागला.

अब्बा आले. त्यांनी काम पाहिले, पण शाबासकी दिली नाही. खिशातून पेचकस काढला आणि त्या जागी हलकेच दाबला. पेचकस आरपार गेला.

"येथे काय असते, बेटा?" त्यांनी विचारले.

"दरवाज्याखालचा पत्रा," मी म्हणालो.

"येथे पाय ठेवून माणूस गाडीत चढतो. पुट्टी माणसाचे वजन पेलते का?"

मी मान खाली घातली. मग ते शांतपणे म्हणाले, "जे काम दिसते, ते कोणीही चांगले करतो. जे दिसत नाही, ते चांगले करतो तो मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो सारा भाग कापून काढला. चांगले लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. मग तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा कापून, वाकवून तेथे वेल्डिंगने जोडला. त्यापूर्वी बॅटरी काढून ठेवली आणि डिझेलची टाकीही काढून लांब नेली. रिकामी टाकी निरुपद्रवी वाटते. पण तिच्यात इंधनाची वाफ उरते आणि ठिणगी पडली तर ती पेट घेते. तीन दिवस त्या एका कोपऱ्यात गेले. माझी पुट्टी दोन तासांत झाली होती.

इंजीन जाम झाले होते. डिझेल इंजिनात ठिणगीसाठी स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा इतकी दाबतो की ती अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि डिझेल पेटते. म्हणून हवा दाबली गेली नाही, तर इंजीन सुरूच होत नाही. आमचे पिस्टन गंजाने चिकटून बसले होते. अब्बांनी जबरदस्ती केली नाही. नोझल काढून त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडले आणि वाट पाहिली. रोज सकाळी ते पाना लावून हलकासा जोर देत. पाच दिवस काहीच झाले नाही. सहाव्या दिवशी पाना बोटभर सरकला. अब्बांच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

पहिली सुट्टी एवढ्यातच संपली. पुढच्या सुट्टीत इंजीन पूर्ण खोलले. सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा बसवल्या, पंप आणि नोझल तपासून घेतले. काही जुने भाग नागपूरला शोधूनही मिळाले नाहीत. ते लेथवर तयार करून घ्यावे लागले. आम्ही प्रयत्नांची शिकस्त केली.

शेवटी ब्रेक. "गाडी चालली नाही तर घरी राहू, थांबली नाही तर काय करू?" असे अब्बा म्हणत. ब्रेकच्या सिलिंडरमधील सगळी रबरे बदलली. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली तर घातक असते. म्हणून आम्ही ती हवेने उडवली नाही. तोंडाला फडके बांधले आणि ओल्या कापडाने ती पुसून घेतली.

ज्या दिवशी गाडी सुरू करायची होती, त्या दिवशी अम्मीसुद्धा ओट्यावर येऊन बसली. अब्बांनी नळीतील हवा काढली, हीटर प्लग तापू दिले आणि चावी फिरवली. इंजीन गुरगुरले आणि थांबले. पुन्हा फिरवली. पांढरा धूर निघाला, शेड थरथरली, कोंबड्या चौफेर पळाल्या आणि इंजीन धडधडू लागले! अब्बांनी गाडी हळूच पुढे घेतली. कडुनिंबापासून फाटकापर्यंत ती वीस पावले चालली आणि ब्रेक दाबताच जागच्या जागी थांबली.

मी धावत जाऊन फाटक उघडले. समोर रस्ता मोकळा होता. अब्बांनी इंजीन बंद केले. "फाटक लाव," ते म्हणाले. "गाडीचे कागद कुठे झालेत?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने माल किंवा प्रवासी नेणाऱ्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर तिची नोंदणी वैध धरली जात नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये वेगळ्या नोंदणीचे नियम झाले. पण ते दुचाकी आणि खाजगी वापराच्या चारचाकी गाड्यांना लागू आहेत. आमची गाडी मालवाहू आणि वयानेही लहान. म्हणजे तिला सवलत नाही. तपासणी द्यावीच लागेल.

"अब्बा, फक्त चौकापर्यंत जाऊन येऊ. कोण पाहणार आहे?" मी म्हणालो.

अब्बांनी माझ्याकडे पाहिले, मग दरवाज्याखालच्या त्या पत्र्याकडे पाहिले. काही बोलण्याची गरजच उरली नाही. मी फाटक लावले.

काही दिवसांनी तोच भंगारवाला पुन्हा आला. इंजिनाचा आवाज ऐकून त्याने किंमत दुप्पट सांगितली. अब्बांनी अम्मीकडे पाहिले. अम्मी म्हणाली, "राहू द्या. कोंबड्यांना आता कुठे पाठवू?"

आता गाडीचे कागद टेबलावर तयार आहेत. यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात तपासणीसाठी अर्ज द्यायचा आहे. तपासणीत काय होईल ते होवो. दरवाज्याखालचा तो पत्रा मात्र कोणीही पेचकसाने दाबून पाहावा.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
रुळणे – सवयीचे होणे
बांध – शेताची मातीची सीमा
बिजागरी – दार ज्यावर फिरते तो धातूचा सांधा
पापुद्रा – पातळ थर
निरुपद्रवी – त्रास न देणारे
वैध – कायद्याला धरून असलेले

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅटाडोर या शब्दाचा अर्थ काय?
(आ) गंज कशामुळे चढतो?
(इ) डिझेलची टाकी लांब का नेली?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या हातून कोणती चूक झाली? ती कशी उघडकीस आली?
(आ) अब्बांनी फाटक लावायला का सांगितले?
(इ) अम्मीचे मत कसे बदलले?

3. पुढील वाक्य कोणी, कोणाला म्हटले?
"पुट्टी माणसाचे वजन पेलते का?"

4. वाक्यात उपयोग करा.
मान खाली घालणे, वाट पाहणे, पेट घेणे

5. हकिकत, किंमत, रक्कम, वजन, कागद हे शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधा.

6. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे होते नव्हते तेवढे सारे प्रयत्न करणे. हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा.

7. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रीला, सुताराला किंवा शिंप्याला भेटा. त्यांच्या कामातील कोणता भाग लोकांना दिसत नाही, ते विचारा आणि दहा ओळी लिहा.